रहिमाबीच्या परातीतले वाटे

१७ नोव्हेंबर २०२५, सोमवार
कुंभार पिंपळगाव

साक्षी,

आज सकाळी साडेसहाला उठले. अंघोळ केली, विहारात जाऊन आले. दहाला पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत गेले. अंगठा चार वेळा द्यावा लागला, तेव्हा कुठे मी जिवंत असल्याचं मशीनला पटलं. येताना ग्रामपंचायतीच्या सभागृहात गर्दी दिसली म्हणून थांबले. घरी येऊन वांग्याची भाजी केली.

ती गर्दी तुझ्यामुळे होती, हे मला आत गेल्यावर कळलं. संघपाल नावाचा मुलगा कॉलेजकडून आला होता, रक्त घेण्याचं सामान आणि औषधाच्या बाटल्यांचं खोकं घेऊन. फॉर्मच्या तळाशी छापलेलं होतं, मुख्य संशोधक डॉ. साक्षी राजानंद. मी ती ओळ उभ्याउभ्या दोनदा वाचली.

तू फोन उचलत नाहीस. आधीची चार पत्रं परत आली नाहीत, म्हणजे पोचली असं मी धरते आणि हेही टाकते. बाबा परीक्षेच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी गेले. अंत्यविधी त्याच दुपारी झाला आणि तुला मी रविवारी संध्याकाळी, पेपर सुटल्यावर कळवलं. पावणेतीन वर्षं झाली. त्या पेपरवर तुला एम.डी.ची सीट मिळाली. बाबांनीच सांगू नको म्हटलं होतं, हे मी तेव्हा सांगितलं आणि आजही तेच सांगते. आता पुन्हा तो विषय काढत नाही.

संघपाल चांगलं बोलतो. शरीरातली सूज दरवेळी बाहेरून दिसत नाही, आतल्या आत धुमसत राहते, असं त्याने सांगितलं. लोखंडाला हवेने गंज चढतो तसं काहीसं सांध्यांमध्ये होतं, आणि हळद व आवळ्याच्या अर्कातले अँटिऑक्सिडंट तो गंज कमी करतात का, ते बारा आठवडे पाहायचं आहे. कडूबा पुढेच बसला होता. बाबा विजेच्या खांबावर चढले की खाली शिडी धरून उभा राहायचा, तो मळ्यातला कडूबा. तो म्हणाला, "मंग गुडघ्याला ग्रीस लावा ना साहेब, स्वस्तात काम व्हईल." सगळे हसले. संघपालही हसला, आणि त्याने फॉर्म भराभर वाचायला घेतला.

तेवढ्यात रहिमाबीने माझा पदर ओढला. ती अजून बांगड्यांचं दुकान चालवते, पण गुडघ्यांमुळे स्टुलावर बसून. म्हणाली, "बाई, हा पोरगा काय वाचून राह्यला, तुमी बराबर सांगा." मग मी उभी राहून समजावलं. गावातली चोवीस माणसं घेतली आहेत. बारा जणांच्या कॅप्सूलमध्ये औषध असेल. बारा जणांच्या कॅप्सूल दिसायला तशाच असतील, पण आत नुसतं पीठ असेल. कोणाला काय मिळालं ते संघपाललाही माहीत नाही, ती यादी कॉलेजात सीलबंद आहे. शेवटी दोन्ही गटांची तुलना होईल. कडूबाने दोनदा विचारलं, "रिकामी कोनाला, ते कोनालाच ठावं न्हाई?" मी म्हटलं, कोणालाच नाही. त्याने मान हलवली. सगळ्यांनी मान हलवली आणि सह्या, अंगठे झाले. तीस वर्षं शाळेत शिकवलं. वर्गाने मान हलवली की समजलं, असंच मला वाटत आलं.

संघपालने माझंही नाव लिहायला घेतलं होतं. आडनाव ऐकून पेन थांबवलं. संशोधकाचे नातेवाईक चालत नाहीत म्हणे. बाकीच्या तीन गावांना मॅडम स्वतः जातात, असं बोलता बोलता त्याच्या तोंडून गेलं. मी त्याला घरी नेऊन चहा दिला. तुझ्याबद्दल काही विचारलं नाही.

आई


८ डिसेंबर २०२५, सोमवार

साक्षी,

आज कापूस वेचायला माणसं मिळत नाहीत म्हणून गल्लीत दिवसभर भांडणं झाली. थंडी वाढली आहे. मी रजई उन्हात टाकली.

तुला इथली खबर कळावी म्हणून लिहिते. अहवाल संघपाल देईलच, पण त्याच्या तक्त्यात दुखणं शून्य ते दहा आकड्यांत असतं. रहिमाबी आता स्टूल सोडून खाली सतरंजीवर बसते. परवा आसिफाच्या, म्हणजे तिच्या सुनेच्या माहेरी लग्न होतं, तिथे ती पंगतीत मांडी घालून जेवली आणि उठताना कोणाचा हात धरला नाही. हे तिने मला तीन वेळा सांगितलं, तिसऱ्या वेळी उठून दाखवलं. वसंता टेलर मशीनचं पायडल दोन्ही पायांनी मारतो. कडूबाने सायकल बाहेर काढली. चाकात हवा नव्हती, ती भरायला तो सायकल हातात धरून चौकापर्यंत चालत गेला आणि हवा भरल्यावरही चालतच परत आला. मी विचारलं तर म्हणाला, "चालायला येऊन राह्यलं तर बसू कशाला?"

सगळ्यांनाच बरं वाटतं आहे. चोवीसच्या चोवीस. मला जरा नवल वाटलं, पण आनंदाच्या गोष्टीत फार चौकशी करू नये.

संध्याकाळची कॅप्सूल हे सगळे रहिमाबीच्या ओट्यावर एकत्र घेतात. कोणी विसरू नये म्हणून, असं आसिफा म्हणाली. साडेपाचला खालच्या आळीपासून वरच्या आळीपर्यंतचे लोक आपापली बाटली घेऊन चालत येतात. कॅप्सूल घेतात, मग चहा होतो, मग एकमेकांची उणीदुणी निघतात. मी तिथून जात होते तर मला बसवून घेतलं. मी म्हटलं, माझं नाव यादीत नाही. रहिमाबी म्हणाली, "चहाच्या यादीत हाय." बाबा गेल्यापासून मी कोणाच्या ओट्यावर बसले नव्हते. आता आठवड्यातून चार दिवस तरी जाते. परवा वसंताने कोणाच्या तरी बापाचा पायजमा चुकून मुलाच्या मापाने शिवल्याची हकीकत सांगितली आणि मला हसता हसता ठसका लागला. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

आई


१५ डिसेंबर २०२५, सोमवार

साक्षी,

आज दुसऱ्या महिन्याच्या बाटल्या आल्या. संघपालने रक्त घेतलं, जुन्या बाटल्यांत उरलेल्या कॅप्सूल मोजल्या. मोजणी चोख भरली. तो खूश होता. सगळ्यात चांगलं काम तुमच्या गावाचं आहे, एक माणूस गळला नाही, असं म्हणाला. मॅडमना मार्चमध्ये प्रबंध जमा करायचा आहे, या चोवीस माणसांवर आकडा जेमतेम पुरा होतो, नाहीतर सहा महिने पुढे जातील, असंही म्हणाला.

चारच्या सुमारास मी रहिमाबीचा डबा परत द्यायला गेले. दार ओढून घेतलेलं होतं. मी ढकललं.

खोलीत पांढरी चादर अंथरली होती. मधे लग्नकार्याची मोठी परात होती आणि परातीत सगळ्यांच्या कॅप्सूल एकत्र ओतल्या होत्या. बाजूला चोवीस रिकाम्या बाटल्या नंबराप्रमाणे उभ्या होत्या. कडूबा बाह्या वर करून, पोह्यांना तेल-मीठ लावावं तशा त्या दोन्ही हातांनी खालीवर करत होता. मग रहिमाबीने चादरीवर छपन्न छपन्नचे वाटे घातले. आसिफा भिंतीकडे तोंड करून बसली होती. कडूबा एका वाट्यावर हात ठेवून विचारायचा, "हा कोनाचा?" आसिफा न बघता नाव घ्यायची, वसंता टेलर. तो वाटा वसंताच्या बाटलीत जायचा.

आपल्याकडे पाच-सहा घरं मिळून बकरं कापतात तेव्हा असेच वाटे घालतात, तू लहानपणी पाहिलं आहेस. हाडं एकाकडे आणि कलेजी दुसऱ्याकडे, असं होऊ नये म्हणून.

मला पाहून कोणी दचकलं नाही. रहिमाबीने पाट दिला. मी विचारलं, हे काय चाललं आहे? कडूबा म्हणाला, "तुमीच तर सांगितलं बाई, बारा जनाला रिकाम्या हायेत म्हनून."

रहिमाबी म्हणाली, "मी भरलेली खायची अन् शेजारीण रिकामी खायची, असं कसं बराबर व्हईल? मला गिळल का ती? आता सगळ्याहिला अर्धं अर्धं मिळतं."

पहिल्या दिवसापासून हे असंच चाललं होतं. सह्या झाल्या त्या संध्याकाळीच परात काढली होती. मी समजावून सांगायला बसले. सगळ्यांना सारखं मिळालं तर औषधाने गुण आला की आपोआप, ते कळायचं कसं, तुलना कोणाशी करायची? वसंताने लगेच उपाय सांगितला, तुलना शेजारच्या गावाशी करा, त्यांचे गुडघे तसेही आमच्याहून वाईट आहेत. मला हसू आलं. तिथे हसायला नको होतं, पण आलं.

मग मी त्यांना सांगितलं की हे साक्षीचं काम आहे, तिच्या डिग्रीचं. फॉर्मवर नाव होतं, पण त्यांच्यातल्या कोणी ते वाचलं नव्हतं. कडूबाने हात झटकले आणि परातीकडे पाहत राहिला. "राजानंदच्या पोरीचं?" असं त्याने विचारलं. नंतर म्हणाला, "बाई, सांगनार का तिला?"

मी बघते म्हटलं आणि घरी आले.

मी गप्प बसले तर कोणाला काही कळणार नाही. मोजणी चोख आहे. हे चोवीस जण माझ्या शब्दाबाहेर नाहीत. तुझा प्रबंध मार्चमध्ये जाईल आणि तू एम.डी. होशील. मी सांगितलं तर तुझे सहा महिने जातील, आणि त्याला कारण म्हणून तुला पुन्हा माझंच नाव दिसेल, कारण समजावून सांगणारी मीच होते.

हे पत्र मी टाकत नाही. लिहिल्याने डोकं जरा मोकळं झालं, इतकंच.

आई


२२ डिसेंबर २०२५, सोमवार

साक्षी,

सोबत पंधरा तारखेचं पत्र ठेवलं आहे. ते आधी वाच.

आठवडाभर ओट्यावर गेले नाही. रहिमाबी काल स्वतः आली, चालत. बसली आणि म्हणाली की तिला कॅप्सूल घशाखाली उतरेना. पोरीचं नुकसान करून गुडघे बरे करायचे नाहीत. तिने बाटली आणून माझ्या पुढ्यात ठेवली. सगळ्यांनी घेणं बंद केलं आहे. मी काय ते ठरवायचं, असं त्यांचं म्हणणं पडलं.

मी ठरवलं होतं की सांगायचं नाही. तुझं भलं त्यात होतं. पण हे वाक्य मनात आलं आणि मला ते ओळखीचं वाटलं. पावणेतीन वर्षांपूर्वी दवाखान्याच्या व्हरांड्यात मी हेच वाक्य स्वतःशी म्हटलं होतं.

म्हणून आता दुसरी गोष्टही लिहिते. बाबांनी सांगू नको म्हटलं नव्हतं. गुरुवारी दुपारी ते शुद्धीत होते. त्यांनी मला सांगितलं, "साक्षीला बोलव." मी म्हटलं, रविवारी पेपर आहे, सोमवारी बोलावते. ते म्हणाले, "सोमवारी बोलव मग." शुक्रवारी त्यांनी पुन्हा विचारलं, सोमवार आला का म्हणून. डॉक्टरांनी मला तोवर सांगितलं होतं की सोमवारचं काही खरं नाही. मी तरी फोन केला नाही. नंतर त्यांच्या नावावर खोटं बोलले, कारण ते आता नाही म्हणू शकत नव्हते आणि तू त्यांच्यावर रागावणार नाहीस हे मला माहीत होतं. रागावलीस ती माझ्यावरच, ते बरोबरच झालं. पण त्यांना तू हवी होतीस, हे तुला माहीत असायला हवं होतं. ते मी तुझ्यापासून लपवून ठेवलं.

कॅप्सूलचं जे काय करायचं ते तुझ्या सरांना विचारून कर. संघपालचा यात काही दोष नाही. लोकांचाही धरू नकोस, त्यांना खरोखर वाटलं की ते न्यायाने वागत आहेत.

हे पत्र रजिस्टरने पाठवते.

आई


१२ जानेवारी २०२६, सोमवार

साक्षी,

काल दुपारच्या गाडीने तू गेलीस. आज सकाळी मी तुझी खोली झाडली. तुझा एक मोजा पलंगाखाली सापडला, तो धुऊन वाळत घातला आहे.

तू इथे होतीस, तेव्हा काय झालं ते तुला सांगण्यात अर्थ नाही. पण तुझ्या पाठीमागे जे झालं ते तू पाहिलं नाहीस, म्हणून लिहिते. शनिवारी सकाळी तू एसटीतून उतरलीस तेव्हा मी चौकात भाजी घेत होते. तुला पाहून माझ्या हातातली मेथीची जुडी खाली पडली आणि भाजीवालीने ती पुन्हा मला विकली, हे मला घरी आल्यावर कळलं.

सभागृहात तू सगळ्यांना बसवून बोललीस तेव्हा मी मागच्या दाराशी होते. आवाज चढला होता तुझा. या गावाचे चोवीस जण अभ्यासातून बाद, नैतिकता समितीला कळवलं आहे, जाफराबादकडच्या एका गावात पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल, प्रबंध सप्टेंबरवर गेला, असं तू एकेक सांगत गेलीस. सगळ्यांच्या माना खाली. मग कडूबा उठला आणि टोपी काढून म्हणाला, "चुकलं, डॉक्टरीणबाई. पर तुमी येक सांगा. आमी वाटून खाल्ली नसती, तर रिकामी माह्या वाट्याला आली असती का रहिमाबीच्या?" तू म्हणालीस, ते मलाही माहीत नाही. "मंग तुमाला बी ठावं न्हाई अन् आमाला बी न्हाई. फिटंफाट झाली." तू ओठ दाबून धरलेस, खिडकीकडे पाहिलंस, आणि मग तुला हसू आवरलं नाही. तुला कदाचित दिसलं नसेल, पण तू हसलीस तेव्हा रहिमाबीने माझा हात इतका घट्ट धरला की तिची एक बांगडी फुटली. तिने मागाहून हिशोब लावला की ही बांगडी साक्षीच्या खात्यात, सप्टेंबरला पेढ्यांत वळती करून घेऊ.

तू जाताना त्यांना सांगितलंस की रक्तातले सुजेचे आकडे खाली आले आहेत हे खरं, पण ते हळदीने, आवळ्याने, रोज ओट्यापर्यंत चालण्याने की हसण्याने, ते आता जगातला कोणीही डॉक्टर सांगू शकणार नाही. हे त्यांना फार आवडलं आहे. आपल्या गावाचं उत्तर डॉक्टरांनाही सापडलं नाही, असं वसंता टेलर गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगतो. कॅप्सूल बंद झाल्या तरी साडेपाचला माणसं येतात. काल कडूबा मला म्हणाला, "पोरगी बापावानी हाय. तो बी आधी शिव्या घालायचा, मंग हासायचा. शिडी कोन धरतं तिची तिकडं?" मी म्हटलं, विचारून सांगते. तर कोण धरतं?

आता आपलं. शनिवारी तू जेवलीस, बाबांच्या फोटोजवळ बराच वेळ बसलीस. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही. मग तू आत येऊन ओट्याला टेकलीस आणि म्हणालीस, "मी गोळ्यांचं वाचून नाही आले, आई. त्यांनी मला बोलावलं होतं, ते वाचून आले." मी तुला चहा विचारला. बोलायला हवं होतं ते एवढंच, की मला माफ कर असं मी म्हणणार नाही, तो भार मी तुझ्यावर टाकत नाही. तू आलीस, पोटभर जेवलीस, दुसऱ्या दिवशी आठ वाजेपर्यंत झोपलीस. मी दोनदा दार लोटून पाहिलं. लहानपणी झोपायचीस तशीच पालथी झोपतेस अजून.

गाडीत चढताना तू म्हणालीस, "मी नापास होणार असले तरी आधी सांगायचं." मी कबूल केलं. कबूल केल्याप्रमाणे सुरुवात करते. दिवाळीत माळ्यावर चढताना मी स्टुलावरून पडले होते. लागलं नाही, पण तुला सांगितलं नाही. बाबांच्या कपड्यांतले दोन शर्ट मी कडूबाला दिले आणि तुला सगळे कपाटात आहेत असं शनिवारी म्हटलं. आणि संध्याकाळी मी जेवते का असं तू विचारल्यावर मी जे सांगितलं ते खरं नव्हतं. चहा-बिस्किटावरच भागवते. एकटीसाठी भाकरीची काटवट कोण काढणार, असं वाटतं.

आज ओट्यावरून परत येताना ज्वारीचं पीठ दळून आणलं आहे. पाणी उकळायला ठेवलं आहे. दोन भाकरी करते, एक सकाळी होईल. पाणी उकळलं, मी पत्र इथेच थांबवून पीठ मळायला घेते.

आई